वैजयंतीच्या डब्यातल्या काचा

सरकारी दवाखान्यातली एक्स-रेवाली वैजयंती नव्या नवरीच्या हातातला हिरवा चुडा फोडते आणि त्याच्या काचा डब्यात भरून कपाटात ठेवते, अशी बोलवा आमच्याकडे होती. का ठेवते, त्याचं उत्तर ज्याच्या-त्याच्या अकलेप्रमाणे. कुणी म्हणे, तिला स्वतःला चुडा मिळाला नाही म्हणून जळते. कुणी म्हणे, अमावास्येला त्या काचा घोडनदीत सोडते आणि त्या नवरीचा संसार मोडतो. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात एकानं मला शपथेवर सांगितलं, की डबा हलवला की आतून बाई रडल्यासारखा आवाज येतो. मी म्हटलं, "राव, तुझी बायको डबा न हलवता रडती, तिचं आधी बघ."

दोघं हसलो. आणि घरी येताना शेअर जीपमध्ये तीच गोष्ट मी आणखी चौघांना सांगितली, वर थोडं तिखट-मीठ लावून. खोटं कशाला बोलू, ही बोलवा गावोगाव पोचवण्यात निम्मा वाटा माझा होता.

आता खरी गोष्ट सांगतो. सांगताना माझं डोकं फिरणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

वैजयंती अवसरी बुद्रुकची. बाप चिमाजी, मेंढरंवाला. आता त्या घरात बटाटा आहे, ऊस आहे, दारात ट्रॅक्टर आहे. पण चिमाजी होता तोवर खांद्यावर घोंगडी आणि मागं मेंढरांचा खांड, दुसरं काही त्याला सुचत नसे. बाजारात व्यापारी मेंढीची पाठ थोपटून सांगायचा, "घ्या पाटील, चांगली जाणती हाय." चिमाजी तोंडातून शब्द काढायचा नाही. डाव्या हातानं मेंढीचा जबडा धरायचा, अंगठ्यानं खालचा ओठ दाबायचा आणि दात बघायचा. "दोनदाती हाय. दीड वर्साचं कोकरू जाणतं म्हणून इकतो व्हय रे? चल, फूट." मेंढरांच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. अदात, दोनदाती, चारदाती, आणि सगळे दात आले की जुळलेली. वैजयंती आठ वर्षांची असताना बापाच्या शेजारी उभी राहून ओठ दाबून सांगायची, आणि व्यापारी तिला बघून मेंढी मागं ओढायचे.

ती पंधरा वर्षांची झाली तेव्हा घरी पाहुणे आले. मुलगा सैन्यात, घर चांगलं. चिमाजीनं चहा पाजला, सुपारी दिली आणि म्हणाला, "मेंढी जुळल्याबिगर मी बाजारात नेत न्हाई. ही तर पोरगी हाय. तिला अजून शिकायचंय." पाहुणे उठून गेले. भावकीनं वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं. तो म्हणाला, बरं झालं, चहा वाचला.

तर अशा बापाची ही पोरगी. एस.टी.नं शाळा केली, पुण्याला जाऊन एक्स-रेचा डिप्लोमा केला आणि हायवेच्या कडेच्या आमच्या दवाखान्यात चिकटली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या माझ्या गुडघ्याला कुणी हात लावणार नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही, याच्या माझ्याकडे तीन कथा आहेत, तिन्ही रंगतदार आणि तिन्ही मीच रचलेल्या. तिला विचारलं तर म्हणते, "वेळ नाय मिळाला, नाना." आवाज असा, की भिंतीपलीकडून "श्वास धरा!" म्हणाली तर बाहेरच्या बाकावरचे लोकही श्वास धरतात. अख्खा तालुका ती सांगेल तेव्हा श्वास घेतो आणि सांगेल तेव्हा सोडतो. निवडून आलेल्या कुणाला हे अजून जमलेलं नाही.

आता लग्नाकडे येतो. तिचं नव्हे, ज्ञानेश्वरचं.

नारायणगावाजवळचा दादाभाऊ, टोमॅटोचा मोठा बागायतदार, माझ्या जुन्या ओळखीचा. त्याचा ज्ञानेश्वर बत्तीस वर्षांचा झाला तरी लग्न जमेना. आमच्याकडे हल्ली शेतकऱ्याच्या पोराला पोरगी देत नाहीत, नोकरीवाला पाहिजे म्हणतात. पाच वर्षं हिंडून दादाभाऊ शेवटी डोंगरावर चढला. आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरात, त्याला ऋतिका सापडली. बाप वारलेला. चुलत्यानं ठरवून टाकलं. आई सुंदरा, तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही तोंड उघडलं नाही. पोरगी आश्रमशाळेत नववीला होती.

नववीत किती वर्षांची पोरगी असते, हा हिशेब मांडवातल्या तीनशे माणसांपैकी एकालाही आला नाही. मी होतो ना तिथं. फाल्गुन महिना, मंगल कार्यालय, बुंदी. अंतरपाट धरला तर पलीकडे नवरी दिसेचना. मी मोठ्यानं म्हणालो, "अहो, पाटाखाली दोन क्रेट लावा, नवरी बघू द्या की!" हशा पिकला. दादाभाऊ हसला, भटजी हसले. मी दोनदा बुंदी घेतली. आता तो हशा कानात आला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तीनशे माणसांना दिसत होतं, आणि आम्ही त्याचा विनोद केला.

आठ महिने पोरगी टोमॅटोत राबली. तारा बांधणं, तोडणी, प्रतवारी, क्रेट उचलणं. घरातलं वेगळं. ज्ञानेश्वरचं तर बोलायलाच नको, आणि मी बोलणारही नाही. कार्तिकात एकदा मालाच्या पिकअपमध्ये बसून ती मार्केटला आली. दादाभाऊ आडत्याशी बोलत होता तेवढ्यात ती खाली उतरली, भाजी विकणाऱ्या एका बाईकडे फोन मागितला आणि एक-शून्य-नऊ-आठ लावला. मुलांच्या मदतीचा तो नंबर आश्रमशाळेच्या भिंतीवर रंगवलेला होता. रोज प्रार्थनेला उभं राहून तिला पाठ झाला होता. तासाभरात हर्षाली नावाची तरणी कार्यकर्ती आली आणि पोरीला बालगृहात घेऊन गेली.

मग कागद सुरू झाले. बालकल्याण समितीपुढे शाळेचा दाखला आला. त्याप्रमाणे ऋतिका पंधरा वर्षांची. दादाभाऊनं जन्माचा दाखला आणि आधारकार्ड आणलं, त्याप्रमाणे एकोणीस. तो दाखला कुठून आला, किती दिवसांत आला, त्यावरचा शिक्का कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतो, हे मला माहीत आहे. पण तो माणूस माझा व्याही लागतो आणि माझी सून माझ्या घरात नांदते आहे. तर ते असो. शाळेच्या दाखल्यावर तारीख एक जून. आमच्याकडे मास्तर ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून लावतात. अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. दादाभाऊच्या वकिलानं तेवढंच धरलं. "ही तारीखच अंदाजपंचे आहे." दोन कागद भांडायला लागले म्हणून समितीनं सांगितलं, हाडांना विचारा. पोरीच्या हाडांचे एक्स-रे काढा, दात बघा, आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत अहवाल द्या.

म्हणजे काय, ते वैजयंतीनं मला नंतर समजावलं. वाढत्या पोराच्या हाडाचं टोक आणि हाडाचा दांडा यांच्यामध्ये एक मऊ पट्टी असते. हाड तिथून वाढतं. ती पट्टी फोटोत काळी फट दिसते. वाढ संपली की फट भरते आणि टोक दांड्याला जुळतं. सगळी हाडं एकदम जुळत नाहीत. मुलींचं कोपर आधी, तेरा-चौदाच्या आसपास. मनगट मागाहून, सोळा-सतराला. कमरेचं हाड त्याच्याही नंतर. "म्हणजे मेंढरांच्या दातांसारखंच की गं," मी म्हणालो. "तसंच," ती म्हणाली, "फक्त मेंढरं इकणारा एवढं खोटं बोलत नसे."

पहिला फोटो रविवारी झाला. वैजयंतीची सुटी. पोलिसांनी पोरीला परस्पर आणलं, हर्षालीला कळवलंच नाही. दादाभाऊची बायको मंगलबाई मात्र पोरीच्या आधी येऊन बाकावर बसली होती. तिला कुणी कळवलं, ते मला विचारू नका. फोटो काढला मोहितनं, कंत्राटावरच्या पोरानं. डॉक्टरसाहेबांनी तो पाहिला आणि कच्चा अहवाल करून टाकला: कोपर जुळलेले, मनगटाजवळ फट दिसत नाही, वय अठरा पूर्ण.

सोमवारी नऊ वाजता मी गुडघ्याच्या फोटोसाठी एक्स-रे खोलीबाहेरच्या बाकावर. शेजारी ऋतिका, दातांचे डॉक्टर सोमवारीच येतात म्हणून तिला पुन्हा आणलेली. तिच्याजवळ हर्षाली. भिंतीला टेकून खाली बसलेली सुंदरा, पहाटेच्या गाडीनं डोंगरावरून आलेली. समोर मंगलबाई, आणि गेटाशी दादाभाऊची जीप, तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी. हिशेब सोपा होता. अठरा पूर्ण असा अहवाल गेला की पोरगी सज्ञान. सज्ञान म्हटली की ते घरगुती भांडण. आणि घरगुती भांडण म्हटलं की बालगृहाचं दार बंद, चुलता सही करायला तयार, जीप दारात. पोरीला ते कळत होतं. ती जीपकडे बघत होती आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

वैजयंतीनं आल्या-आल्या कॉम्प्युटरवर रविवारचे फोटो उघडले. आणि आतून आवाज आला. "मोहित!"

बाकावरच्या सगळ्यांनी श्वास धरला.

"हे काय काढलंय?"

"मनगट, मॅडम."

"मनगट दाखव मला ह्यात. कुठंय मनगट? मला कासाराचं दुकान दिसतंय!"

दार उघडंच होतं. मी गुडघा विसरून उभा राहिलो. पडद्यावर हाताची हाडं, आणि मनगटाच्या नेमक्या जागी पांढऱ्या कड्यांची चळत, एकावर एक. हिरवा चुडा फोटोत पांढरा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या कड्यांखाली फट आहे का भिंत आहे, देवालाही दिसलं नसतं.

"मॅडम, त्या सासूबाई हात लावू देईनात," मोहित म्हणाला. "म्हणाल्या, सवाष्णीच्या चुड्याला हात लावशील तर बघ. दोन्ही हातांत तसंच. मी एकटा होतो."

"घड्याळ काढायला लावतोस ना माणसाला?"

"हो."

"छातीच्या फोटोला मंगळसूत्र?"

"हो."

"मग काच तुझी मावशी लागते का? आणि कमरेचा फोटो कुठंय?"

"रविवारी बाई अटेंडंट नव्हती, मॅडम. त्या म्हणाल्या, गड्यानं काढायचा नाही."

वैजयंतीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेली. हे डॉक्टर लाच खाणारे नव्हेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. खाणारा असता तर निदान त्यानं फोटो नीट बघितला असता. हे नुसते थकलेले होते, आणि दादाभाऊच्या ओळखीच्या कुणाकुणाचे सकाळपासून त्यांना सहा फोन आले होते.

"साहेब, हा अहवाल थांबवा. फोटो खराब आहे."

"फट दिसत नाही, म्हणून जुळलेलं लिहिलं."

"फट दिसत नाही कारण मनगटच दिसत नाही. डोळ्यावर पट्टी बांधून तुम्ही म्हणता रात्र झाली!"

"वैजयंतीताई, तुम्ही टेक्निशियन आहात. वय सांगणं माझं काम."

"वय मी सांगतच नाही. फोटो कसा आलाय ते सांगणं माझं काम, आणि तो टाकाऊ आलाय. मी रिपीट काढणार."

"हे बघा, ह्या तपासणीत दोन वर्षं इकडं-तिकडं होतातच. कोर्टातसुद्धा तसं धरतात."

आता वैजयंतीचा आवाज खाली आला. ती ओरडते तेव्हा घाबरायचं कारण नसतं, आवाज खाली आला की घाबरावं.

"होतात ना? मग ती दोन वर्षं दर वेळी पोरीच्याच अंगावर का टाकता, साहेब? एखाद्या वेळी तिच्या पदरात टाकून बघा की."

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात पावणेदहा. "बारापर्यंत मला सही करायची आहे," एवढंच म्हणाले. वैजयंतीनं रजिस्टर उघडलं, रिपीटच्या रकान्यात ऋतिकाचं नाव लिहिलं, कारण लिहिलं: मनगटावर काच. खाली स्वतःची सही.

मग बाहेर येऊन म्हणाली, "ये पोरी. बांगड्या काढायच्यात."

मंगलबाई उठली. "कुणाच्या बांगड्या? लई शाणी झालीस का गं बये? माझा ल्योक जिता हाय!"

"असू दे की, मावशी. शंभर वर्षं जगू दे. बांगड्या काढून तुमच्या हातात देते, फोटो झाला की परत भरा."

आमच्या बायकांना हे सांगायला नको, पण शहरच्यांसाठी सांगतो. चुडा उतरवणं म्हणजे अभद्र, आणि फुटला तर "फुटला" असं म्हणतही नाहीत. नवरा असताना सगळा हात एकदम मोकळा करणं तर कुणी मनातही आणत नाही. मोहित घाबरला तो त्याला. मंगलबाईनं त्याच भीतीवर रविवारी बाजी मारली होती.

वैजयंतीनं साबणाचं पाणी आणलं. ऋतिकाचा हात बेसिनवर धरला, बोटं एकत्र दाबली, फेस केला. बांगडी अंगठ्याच्या खालच्या हाडापर्यंत आली आणि अडली. दुसरी, तीच गत. पोरीनं ओठ चावला. मनगटावर काचांचे वळ उमटलेले होते. वर कोपराकडे सरकवाव्यात, तर मनगटाच्या वर बोटभरही जाईनात, रुतूनच बसलेल्या.

मंगलबाईला जोर आला. "न्हाई निघायच्या! लगनात कासारानं भरल्या त्या भरल्या. एक बी पिचली न्हाई, एकदा बी उतरवली न्हाई. आमच्यात तसं चालत न्हाई."

"कधी भरल्या?" वैजयंतीनं विचारलं.

"फाल्गुनात. लगनाच्या आदल्या दिशी."

"तवा चढल्या कशा? साबण लावला व्हता?"

"साबण कशाला? सरळ चढल्या. सैल व्हत्या उलट, कासार म्हणला बारकी साईज माझ्याकडं न्हाई."

वैजयंतीचे हात थांबले. तिनं ऋतिकाचा हात पाण्यातून काढला, पदरानं पुसला आणि मंगलबाईच्या तोंडासमोर धरला.

"फाल्गुनात सैल. कार्तिकात निघत नाहीत. आठ महिन्यांत एवढा हात मोठा झाला. मावशी, तुमचा हात लग्नानंतर कितीनं वाढला वो?"

मंगलबाईनं स्वतःचे हात पदराखाली घेतले.

"बाईचा हात वाढत नसतो. पोरीचा वाढतो. फोटोबिटो राहू दे बाजूला, तुमच्या कासारानं आठ महिन्यांपूर्वीच वय सांगून ठेवलंय. तुमी पाच लेकरं वाढवलीत, तुमाला कळलं न्हाई? रोज तिच्या हातचं जेवताना हात दिसला न्हाई?"

"जाड झाली आसंल," मंगलबाई पुटपुटली. "आमच्यात खायला लई."

यावर भिंतीपाशी बसलेली सुंदरा पहिल्यांदा बोलली. डोंगरातली बाई, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. "जाड? बरगड्या मोजून घ्या माझ्या पोरीच्या. चौदा साली माळीण गावावर डोंगर आला तवा ही माझ्या कडंवर व्हती. चौथं सरलं नव्हतं. म्या सांगत व्हते सगळ्यान्ला. कुणी इचारलं न्हाई."

"तुला इचारलं न्हाई, पर तू आडवी तरी झाली का?" वैजयंती तिच्यावरही फिरली. "अक्षता टाकल्यास ना?"

"टाकल्या," सुंदरा म्हणाली. उठली, आली, आणि तिनं पोरीचा हात कोपराजवळ घट्ट धरला. "फोड, बाय. म्या धरते."

वैजयंतीनं तिला थांबवलं आणि पोरीला विचारलं. "ऋतिका, तुझा हात आहे. फोडू का?"

"फोडा," पोरगी म्हणाली.  "दुखतात. मी सासूबाईंना सांगितलं होतं, घट्ट झाल्यात. त्या म्हणाल्या, सवय होईल."

फोडायचीही रीत असते. वैजयंतीनं बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये पट्टीचं कापड सरकवलं, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि पकडीनं एक-एक दाबली. कट. कट. मंगलबाईनं दवाखाना डोक्यावर घेतला. "माझ्या पोराचं वाटोळं केलं गं हिनं! वांझोटी! अवदसा! हिला चुडा न्हाई म्हणून माझ्या सुनंचा फोडती!" दादाभाऊ धावत आला. दारात येऊन म्हणाला, "ताई, हे बरं न्हवं. मी वरपर्यंत जाईन."

"जा," वैजयंती म्हणाली. मान वर न करता. "जाताना जीप बाजूला घ्या, ॲम्ब्युलन्सची वाट आहे ती."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "नाना, तुमी तरी सांगा की हिला. तुमी व्हता लगनाला. तुमी बगितलंय."

"बघितलंय ना," मी म्हणालो. "पाटाखाली क्रेट लावायला मीच सांगत होतो. तवा तू हसलास, दादाभाऊ. मीपण हसलो. आता गप रहा, नाहीतर समितीपुढे येऊन तोच विनोद पुन्हा सांगीन."

दोन्ही हातांच्या मिळून बेचाळीस बांगड्या. एकही ओरखडा नाही. हात मोकळा झाला तेव्हा पोरीनं मनगट गोल फिरवून बघितलं, दोनदा, तीनदा.

मग दार बंद, दिवा लागला, "हलू नको." मनगट, कोपर, कंबर. दहा मिनिटांत फोटो पडद्यावर. वैजयंतीनं डॉक्टरांना बोलावलं, आणि स्वतः मागं हात बांधून उभी राहिली.  डॉक्टर पुढे वाकले. मनगटाजवळ, हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये, काळी फट. या कडेपासून त्या कडेपर्यंत स्वच्छ. दुसऱ्या हातालाही तशीच. कमरेचं हाड तर जुळायच्या गावालाही गेलेलं नाही. दातांच्या डॉक्टरांचा कागदही आला, तोही तेच सांगत होता.

डॉक्टरांनी कच्चा अहवाल फाडला. नवा लिहिला: कोपर जुळलेले, मनगट न जुळलेले, वय चौदाच्या वर आणि सोळाच्या आत. अकरा चाळीसला सही केली. सही करताना त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. व्हायलाच पाहिजेत. कालचा कागद तसाच गेला असता तर त्या कानांना काय झालं असतं? काही नाही. संध्याकाळी ते गाडीत गाणी ऐकत पुण्याला गेले असते, आणि पोरगी जीपमध्ये.

ऋतिका हर्षालीबरोबर मागच्या दारानं गेली. आईच्या पाया पडली नाही. सुंदरा गेटापर्यंत तिच्या मागं चालत गेली आणि तिथंच उभी राहिली. पोरगी आता पुण्याला मुलींच्या वसतिगृहात आहे, नववी पुन्हा करते आहे. दादाभाऊवर, मंगलबाईवर, ज्ञानेश्वरवर आणि त्या चुलत्यावर गुन्हा दाखल झाला. चौघंही जामिनावर आहेत. ज्ञानेश्वर मार्केटात मोटारसायकलवरून फिरतो, लोक त्याला चहा पाजतात. जेवलेल्या तीनशे माणसांना कुणी काही विचारलं नाही. जन्माचा दाखला ज्यानं काढून दिला, तो परवा माझ्या घरी येऊन पुरणपोळी खाऊन गेला. मी वाढली नाही, पण उठवूनही लावलं नाही. एवढीच माझी मर्दुमकी.

आणि वैजयंतीला काय मिळालं? नोटीस. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल खुलासा मागितला. मंगलबाईनं बाजारात, लग्नात, दहाव्याला जिथं जाईल तिथं सांगितलं, की ती बाई चुडे फोडते आणि काचा ठेवते. डबा दोन-तीन बायकांनी कपाटात बघितलाही होता. लोकांना ही गोष्ट पंधरा वर्षांच्या पोरीच्या गोष्टीपेक्षा लई गोड लागली. मला आधी लागली होती तशीच. कारण ही बोलवा ऋतिकाच्या आधीपासून होती. वैजयंतीनं फोडलेला हा पहिला चुडा नव्हता.

खुलासा तिनं माझ्यासमोर लिहिला. मी म्हणालो, "जरा झणझणीत लिही की. मी सांगतो मजकूर." ती म्हणाली, "नाना, तुमच्या मजकुरानंच मी इथवर आलेय. गप बसा."

तिनं चार ओळी लिहिल्या. त्या मी वाचल्या, डबाही उघडून पाहिला, आणि त्यात जे होतं तेच इथं लिहितो.

हातात काच असली तर फोटोत मनगटाचं हाड दिसत नाही, म्हणून वयाच्या तपासणीला बांगड्या काढाव्या लागतात. निघत नाहीत त्या फोडाव्या लागतात. पेशंट चपला बाहेर काढून येतात, म्हणून काचा वेचून डब्यात टाकल्या जातात. गेल्या सहा वर्षांत आलेल्या अकरा मुलींच्या काचा त्या डब्यात आहेत. अकराही जणींचे हात लग्नानंतर वाढले होते.